एल लागार्टो
एल लागार्टो : न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्जवर गाजलेली लाकडी शर्यतबोट. डेट्रॉइटचे आरेखक जॉन हॅकर (१८७७–१९६१) यांनी आखलेली ही बोट १९२२ मध्ये ‘मिस मेरी’ या नावाने तयार झाली. पुढे जॉर्ज रीस यांनी ती घेऊन १९३३, १९३४ आणि १९३५ असा सलग तीनदा गोल्ड कप जिंकला. या विजयांचे सारे श्रेय चालक रीस यांना देणे अपुरे वाटते. हॅकर यांच्या इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या तळामुळे बोट वेगात पाण्यावर उचलली जाते. भिजणारा भाग घटतो, घर्षणही कमी होते. यावर आक्षेप असा, की गोल्ड कपचे नियम सैल झाल्यावर रीस यांनी तळाला पायऱ्या बसवल्या आणि विजय त्या पायऱ्यांचेच आहेत. पायऱ्यांमुळे तळाखाली हवा शिरून पाण्याची पकड सुटते, हे खरेच. पण मुळात नीट न उचलल्या जाणाऱ्या, सरळ न धावणाऱ्या सांगाड्याला त्या तारू शकत नाहीत. अकरा वर्षे जुना सांगाडा नव्या स्पर्धेत टिकला, हे मूळ आरेखनाचे मोठे यश आहे.