१९ डिसेंबर : विम्बल्डनवर जिंकलेली मुंबईची लेक

लीला राव यांचा जन्म १९११ साली आजच्या दिवशी मुंबईत झाला. विम्बल्डनवर एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. १९३४ साली पहिल्या फेरीत त्यांनी ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल यांना तीन सेटमध्ये नमवले. पुढच्या फेरीत त्या हरल्या. बायकांनी टेनिसवर पोट भरावे असा तो काळ नव्हता. व्यावसायिक खेळाडूंना विम्बल्डनसारख्या ग्रँड स्लॅम स्पर्धांची दारे १९६८ साली उघडली, आणि त्यानंतर भारतीय महिलेने अशा स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकायला निरुपमा वैद्यनाथन यांचे १९९८ साल उजाडावे लागले.

लीलाताईंचे घर मात्र विलक्षण. आई पंडिता क्षमा राव यांचा जन्म पुण्याचा. त्याही टेनिस खेळत आणि ‘सत्याग्रहगीता’ त्यांनी संस्कृतात लिहिली. आजोबा शंकर पांडुरंग पंडित. तुकोबांच्या गाथेचे पाठ ताडून पाहताना त्यांच्यासमोर देहूच्या हस्तलिखित वहीबरोबर आपल्या मावळातल्या तळेगावची वहीही होती! लीलाताईंनी पुढे आईच्या कथांवर संस्कृत नाटके लिहिली, नृत्यावर ग्रंथ केला. एवढे असूनही मराठी घरांत हे नाव फारसे निघत नाही, याचे वाईट वाटते.