दोन काठांचा पूल

नदीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या माणसांचे परस्परांशी नाते कसे आहे, हे ती माणसे नदी कशी ओलांडतात यावरून पुष्कळदा कळते.

पांढुर्णा हे मध्य प्रदेशातील मराठीभाषी गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते शेजारच्या सौंसरसह त्याच राज्यात राहिले आणि २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठाणे झाले. येथे जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आहे, तर दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावतात आणि ते मिळविण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा मारा होतो. हीच ती गोटमार. लोककथा अशी की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत असता दोन्हीकडून दगड आले आणि ते जोडपे पात्रातच प्राणास मुकले. या प्रथेत दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रशासनाचा प्रयत्न लोकांनी मानला नाही.

कथेतील त्या दोघांना पलीकडे नेणारा पूल नव्हता. आज जाम नदीवर पूल आहे. तरीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन काठ समोरासमोर उभे राहतातच. तेव्हा केवळ पूल असणे पुरेसे नाही. तो उभा करण्यात आणि राखण्यात दोन्ही काठांचे हात लागावे लागतात.

लहान पुलाला मराठीत ‘साकव’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘संक्रम’ या शब्दापासून आलेला आहे. कोकणात ओढ्यावर लाकडे, बांबू टाकून साकव घालीत. पावसाळ्यात तो वाहून गेला की गावकरी पुन्हा घालीत. असा साकव कोणा एका काठाच्या मालकीचा नसे.

हीच रीत चीनच्या झेजियांग आणि फुजियान प्रांतांत फार मोठ्या प्रमाणावर दिसते. तेथील डोंगराळ भागात लाकडी कमानींचे छपरी पूल आहेत. तुळया एकमेकींत गुंफून, खाचा आणि कुसे बसवून हे पूल उभारतात. वरचे छप्पर पावसापासून लाकूड वाचविते. शिवाय त्याच्या भाराने कमान घट्ट बसते. पुलावर विसावा घेता येतो, पूजास्थानही असते. ही विद्या लोपत चालल्याने २००९ मध्ये युनेस्कोने तिची नोंद तातडीने जतन करावयाच्या वारशात केली.

सप्टेंबर २०१६ मध्ये ‘मेरांती’ वादळाच्या पुराने ताइशुन परगण्यातील असे तीन पूल वाहून गेले. त्यानंतर गावकरी नदीकाठाने खाली गेले, चिखलात रुतलेल्या तुळया शोधून त्यांनी परत आणल्या. बहुतेक मुख्य लाकडे सापडली आणि जाणत्या सुतारांनी जुन्याच लाकडांनी पूल पुन्हा जोडले. २०२४ मध्ये युनेस्कोने या विद्येला तातडीच्या यादीतून बाहेर काढून मानवजातीच्या वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान दिले.

पांढुर्ण्यालाही हा धडा सर्वस्वी परका नाही. गोटमारीच्या अखेरीस निशाण चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होते आणि दोन्ही गावांचे लोक तेथे पूजा करतात. दिवसभर ज्या निशाणासाठी दगड चालले, त्याच्यापुढे दोन्ही काठ शेवटी एकत्र येतात. दगड थांबले तरी एकत्र येण्याची ही रीत टिकू शकेल. दोन्ही काठांचा पूल बांधण्याचा आरंभ तेथूनच करावयाचा आहे.