बदलीच्या नोकरीतले पणजोबा

डब्लिनच्या ऑफिसात माझ्या टीममधली एक आयरिश सहकारी एकदा म्हणाली, "तू डेटावाला आहेस ना, माझे पणजोबा शोधून दे." तिला माहीत होतं ते एवढंच: पणजोबा कोस्टगार्डमध्ये होते आणि घराणं पिढ्यान्‌पिढ्या कॉर्कच्या किनाऱ्यावरचं.

मला वाटलं, जनगणना बघू, काम संपलं. पण १८२१ ते १८५१ च्या आयरिश जनगणनांचे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधल्या दफ्तरखान्यासोबत जळाले. १८६१ ते १८९१ चे कागद तर त्याआधी सरकारनेच नष्ट केले होते. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना. त्या मात्र ऑनलाइन आहेत, फुकट, कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट.

१९११ च्या फॉर्मवर पणजोबा सापडले. जन्मस्थान, इंग्लंड. धर्म, चर्च ऑफ आयर्लंड. मुलांची जन्मस्थानं ओळीने मेयो, केरी, कॉर्क. मी तो रकाना लॉग फाइलसारखा वाचला. ती बदल्यांची यादी होती.

१८२२ मध्ये तस्करी रोखण्यासाठी कोस्टगार्ड उभं राहिलं, तेव्हापासून माणसाला त्याच्या गावाजवळ नेमणं टाळत. माल उतरवणारा स्वतःचाच मेहुणा असेल तर पकडणार कोण? म्हणून दूरची नेमणूक आणि ठरावीक काळाने बदली. १८५६ मध्ये हे खातं कस्टम्सकडून नौदलाकडे गेलं आणि भरती मुख्यतः नौदलातून होऊ लागली. त्यामुळे पुढचा धागा लंडनमध्ये, क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये होता. तिथल्या खलाशांच्या सेवानोंदींत जन्मगाव लिहिलेलं असतं. त्याच नावाचे तिघे निघाले. वय आणि कोस्टगार्डमध्ये गेल्याची नोंद, दोन्ही जुळणारा एकच. जन्म डेव्हनमधल्या एका बंदरात.

सहकारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही त्या बाजूचे?"

प्रश्न साधा नव्हता. १९२०-२१ मध्ये आयरिश बंडखोरांनी किनाऱ्यावरची कितीतरी कोस्टगार्ड स्टेशनं जाळली. त्यांच्या लेखी ती ब्रिटिश सत्तेची ठाणी होती. पण १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात याच खात्याच्या माणसांनी किनाऱ्यावरच्या उपाशी वस्त्यांमध्ये धान्य पोचवलं होतं. दोन्ही खरं आहे. कोणतंही एक डिलीट करून चालत नाही.

फॉर्म बंद करणार तेवढ्यात आणखी काही रकाने दिसले. १९११ मध्ये विवाहित बाईला विचारलं होतं, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. पणजीचं उत्तर होतं सहा आणि चार.

घरात या दोघांबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. आयर्लंडच्या जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदीही ऑनलाइन बघता येतात. एक मुलगा मेयोत सापडला, आठ महिन्यांचा. दुसरी मुलगी केरीत, तीन वर्षांची. दोघांनाही तिथेच ठेवून आईबाप पुढच्या स्टेशनावर गेले होते. बदलीच होती ती, थांबता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी सहकारीने तिच्या ऐंशी उलटलेल्या आईला फोन केला. डेव्हनचं ऐकून धक्का बसेल, अशी तिला भीती होती. आईने ते ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या दोघांची नावं काय होती?"