तालमीतून प्रयोगशाळेकडे

महाराष्ट्रात तालमीचा विचार फार काळ दंडांपुरताच झाला. जोर-बैठकांनी छाती भरते, मांड्या घट्ट होतात आणि मारुतीपुढे घाम गाळणारा गडी चारचौघांत उठून दिसतो, एवढे पुरेसे होते. घाम गळाल्यावर मनावरचे ओझेही उतरते, हा अनुभव मल्लांना अपरिचित नव्हता. पण तसे का व्हावे, याचा शोध सहसा कोणी घेत नसे.

व्यायामाच्या बाबतीत ‘का’ विचारणाऱ्यांपैकी एक जगन्नाथ गणेश गुणे होत. १८८३ साली जन्मलेले गुणे बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली व्यायामात तयार झाले. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे माधवदास महाराजांपाशी योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झाले. गुरुवचनावर त्यांची श्रद्धा होती. तथापि तेवढ्याने त्यांचे समाधान होईना. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा उणा होतो असे आढळले, तेव्हा त्या निर्वाताला त्यांनी गुरूंचेच नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ उभे राहिले व ‘योगमीमांसा’ निघू लागले.

आतड्यापर्यंत यंत्र पोहोचले. मेंदू मात्र कवटीआड राहिला. १९६६ साली स्वामीजी निवर्तले, तोपर्यंत तरी त्याचा दरवाजा फारसा किलकिला झाला नव्हता.

१९९९ साली अमेरिकेत दोन शोध प्रसिद्ध झाले. चाकावर मनसोक्त धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, स्मृती व भावना यांच्याशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, नव्या पेशी अधिक निपजतात, हा एक. विषण्णतेच्या विकारात हाच भाग पुष्कळदा आक्रसलेला आढळतो, म्हणून या शोधाचे मोल मोठे. दुसऱ्यात पन्नाशी ओलांडलेल्या १५६ विषण्ण रुग्णांचे तीन गट केले होते : एकास औषध, एकास व्यायाम, एकास दोन्ही. औषधाचा गुण आधी आला. पण १६ आठवड्यांअखेर तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. पुढे २०११ साली, वर्षभर नेमाने चालणाऱ्या वृद्धांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. चिंतेच्या विकाराची गोष्ट थोडी निराळी. तेथे छातीची धडधड हीच भीतीचे कारण होऊन बसते. व्यायामात तीच धडधड रोज अनुभवून माणसास तिची सवय होते.

मात्र एवढ्यावरून खचलेल्या माणसाला ‘ऊठ, दोन जोर काढ’ म्हणून दटावणे हा शुद्ध अडाणीपणा होय. अंथरुणातून उठण्याचे बळ हेच तर हा आजार आधी हिरावून घेतो. त्या चाचणीतील रुग्ण एकटे पळत नव्हते. आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली, इतरांच्या संगतीने ते व्यायाम करीत. शिवाय काहीच उपचार न घेणारा गट तीत नव्हता. त्यामुळे श्रेय घामाचे किती आणि संगतीचे किती, याचा निवाडा तीवरून होत नाही. तालमीत तरी पहाटे दारावर थाप मारणारा जोडीदार आणि न आलेल्याची चौकशी करणारा वस्ताद असे.