गोल कीं घन? एका प्रश्नाचा इतिहास

‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ असें आपण सहज म्हणतों. जें प्रत्यक्ष आहे त्याला निराळा पुरावा नको, हा त्याचा भावार्थ. परंतु क्षणभर एका जन्मांध मनुष्याची कल्पना करा. आपल्या हातांतील कांकण त्यानें बोटांनीं हजार वेळां चांचपलें आहे. उद्यां त्याला दृष्टि आली, आणि समोर तेंच कांकण व एक चौकोनी डबी ठेविली, तर हात न लावतां कांकण कोणतें हें तो सांगूं शकेल काय? प्रश्न पोरखेळाचा वाटेल. पण मनुष्याला ज्ञान कोठून होतें, ह्या मोठ्या वादाचा कस तीन शतकें अशाच एका प्रश्नावर लागत आला आहे.

ह्या वादांतील अनुभववादाचा पक्ष इंग्लंडांत जॉन लॉक (१६३२–१७०४) ह्यानें समर्थपणें मांडला. लॉकनें वैद्यकाचा अभ्यास केला होता. आधीं पाहावयाचें आणि मग बोलावयाचें, ही वैद्याची संवय त्यानें तत्त्वज्ञानांतहि सोडली नाहीं. मानवी बुद्धीविषयींचा त्याचा निबंध १६८९ च्या अखेरीस बाहेर पडला. त्याचें म्हणणें असें कीं, मनुष्य जन्मतः कोणतेंहि ज्ञान बरोबर घेऊन येत नाहीं. मन हें कोऱ्या कागदासारखें आहे. त्यावर अक्षरें उमटवितो तो अनुभव. हा अनुभव दोन वाटांनीं येतो: इंद्रियांच्या द्वारें बाहेरून, आणि मनानें आपल्याच व्यापारांकडे लक्ष दिल्यानें आंतून. ज्यानें अननस कधीं चाखला नाहीं, त्याला वर्णन कितीहि ऐकविलें तरी त्याची चव कळावयाची नाहीं. आपल्याकडे चार्वाकांनीं प्रत्यक्ष हेंच प्रमाण मानलें, हें आपणांस ठाऊक आहेच. पण लॉकचा मुख्य रोख उगमावर होता. कल्पना मनांत मुळांत शिरतात कोठून, हें त्याला शोधावयाचें होतें.

निबंध छापून निघण्यापूर्वीं त्याचा सारांश १६८८ सालीं फ्रेंच भाषेंतील एका नियतकालिकांत आला होता. तो वाचून डब्लिन येथील विल्यम मॉलिन्यू ह्या प्रकाशशास्त्रज्ञानें त्याच वर्षीं एक प्रश्न लिहून पाठविला. मॉलिन्यूची पत्नी विवाहानंतर लवकरच अंध झाली होती. अंधत्व हें त्याच्या घरचेंच दुःख होतें. त्याचा प्रश्न असा: एक गोल व एक घन, एकाच धातूचे, जवळजवळ सारख्याच आकाराचे. जन्मांध मनुष्य ते स्पर्शानें ओळखावयास शिकला आहे. त्याला दृष्टि आल्यास, स्पर्श करण्यापूर्वीं, केवळ पाहून तो गोल कोणता व घन कोणता हें सांगेल काय? त्या वेळीं लॉकनें उत्तर धाडलें नाहीं. पुढें दोघांचा स्नेह जमला, मॉलिन्यूनें १६९३ मध्यें तोच प्रश्न पुन्हां लिहिला, आणि १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तींत लॉकनें त्याला स्थान दिलें. दोघांचेंहि उत्तर एकच होतें: नाहीं. हातानें जें शिकलें तें डोळ्याला आयतें मिळत नाहीं. डोळ्यानें आपला धडा स्वतंत्रपणें गिरविला पाहिजे.

बर्कलेनें १७०९ मध्यें हा विचार आणखी पुढें नेला. दिसणें व स्पर्शणें ह्या जणूं दोन निराळ्या भाषा. त्यांचा मेळ केवळ संवयीनें बसतो, असें त्याचें मत. उलट जर्मनींत लाय्‌ब्‌निट्झ म्हणाला कीं, समोरच्या वस्तु त्याच दोन आहेत एवढें त्या मनुष्यास सांगितलें, तर तो तर्कानें ओळखील. घनाला आठ कोपरे आहेत, गोलाला एकहि नाहीं, आणि हें भूमितीचें ज्ञान हाताला व डोळ्याला समान आहे.

१७२८ सालीं लंडनच्या चेसल्डेन ह्या शस्त्रवैद्यानें मोतीबिंदू काढलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला सर्व वस्तु आपल्या डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत. मांजर कोणतें व कुत्रा कोणता हें तो वारंवार विसरे. शेवटीं त्यानें मांजराला धरून चांचपलें, त्याच्याकडे टक लावून पाहिलें, आणि ह्यापुढें तुला ओळखीन असें त्यालाच सांगितलें. अनुभववाद्यांना हर्ष झाला. परंतु नुकत्याच उघडलेल्या डोळ्याला मुळांत स्पष्ट दिसतें काय, ही शंका उरलीच.

तिचें निरसन झालें दिल्लींत. पाश्चात्त्य देशांत जन्मजात मोतीबिंदू अलीकडे शैशवांतच काढला जातो. आपल्या देशांत मात्र दारिद्र्यामुळें कित्येक मुलें वर्षानुवर्षें अंधारांतच राहिलीं. अशा मुलांवर ‘प्रकाश’ ह्या उपक्रमांत शस्त्रक्रिया झाल्या. रिचर्ड हेल्ड, पवन सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आठ ते सतरा वर्षांच्या पांच मुलांची परीक्षा घेतली आणि २०११ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. खेळण्यांतील ठोकळा पाहून तोच पुन्हां पाहून ओळखण्यांत त्यांचीं शेंकडा ९२ उत्तरें बरोबर आलीं. म्हणजे डोळ्यांना पुरेसें दिसत होतें. स्पर्शानें पाहून स्पर्शानेंच ओळखण्यांत ९८ आलीं. परंतु हातानें चांचपलेला ठोकळा डोळ्यांनीं ओळखण्यांत केवळ ५८. नाणें उडवून अंदाज केला असता तर ५० आलीं असतीं. लॉकचें ‘नाहीं’ खरें ठरलें.

तथापि तेथेंच गोष्ट संपत नाहीं. पुन्हां परीक्षा घेतां आली त्या मुलांत थोड्याच दिवसांत हात व डोळे ह्यांचा मेळ बसूं लागला. कागद कोरा खरा, पण शाई झपाट्यानें टिपणारा. शिकण्याची ही सिद्धता कोठून आली, हा प्रश्न लाय्‌ब्‌निट्झचा पक्ष आजहि विचारूं शकेल.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जन्मांध मुलाचें वय एकदां उलटलें कीं शस्त्रक्रियेचा उपयोग नाहीं, असा समज वैद्यकांत दृढ होता. त्या समजाची किंमत मुलांनीं आपल्या अंधारानें भरली. तो अनुभवाला विचारून पाहिला तेव्हां फोल ठरला. कोणी ‘आतां उशीर झाला’ असें म्हणालें, तर तें पाहून म्हणतो आहे कीं न पाहतां, एवढें विचारावयास आपण लॉकपासून शिकलों, तरी पुष्कळ झालें.