तोंड उघडण्याची क्षमता

खालचा जबडा जास्तीत जास्त खाली नेला असता वरच्या व खालच्या मधल्या पटाशीच्या दातांच्या कडांमध्ये पडणाऱ्या उभ्या अंतरास तोंड उघडण्याची क्षमता म्हणतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत हे अंतर सर्वसाधारणपणे ४० ते ६० मिमी असते. पुरुषांमध्ये ते स्त्रियांपेक्षा सरासरीने काहीसे जास्त, तर लहान मुलांमध्ये कमी असते. प्रौढ व्यक्तीचे तोंड ३५ मिमीपेक्षा कमी उघडत असल्यास जबड्याचा सांधा, स्नायू किंवा तोंडाचे अस्तर यांपैकी कशात तरी विकार असल्याची शक्यता तपासली जाते. अनेक विकारांत ही घट हळूहळू होते आणि मोठा घास घेणे अवघड होईपर्यंत रुग्णाच्या लक्षात येत नाही. म्हणून या साध्या मापाला महत्त्व आहे.

रचना व कार्य

खालचा जबडा दोन्ही कानांच्या पुढे असलेल्या सांध्यांनी कवटीच्या शंखास्थीला जोडलेला असतो. प्रत्येक सांध्यात तंतुमय ऊतकाची एक चकती असते. तोंड उघडताना जबड्याचे टोक प्रथम बिजागरीप्रमाणे जागच्या जागी फिरते. या हालचालीने साधारण २० ते २५ मिमीपर्यंत तोंड उघडते. त्यापुढे हे टोक चकतीसह पुढे व खाली सरकते. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडल्यास ही हालचाल जाणवते. चकती जागेवरून ढळल्यास तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. वेदना किंवा अडथळा नसेल तर अशा आवाजासाठी सहसा उपचार लागत नाहीत. चकती अडकून राहिल्यास मात्र जबडा पुढे सरकू शकत नाही व तोंड अर्धवटच उघडते.

मापन

दंतवैद्य पट्टीने किंवा कॅलिपरने हे अंतर मोजतात. दात नसल्यास हिरड्यांमधील अंतर मोजले जाते. तोंड उघडताना जबडा एका बाजूला वळतो का, हेही पाहिले जाते. घरच्या घरी अंदाज घेण्यासाठी स्वतःची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे एकमेकांवर उभी धरून पुढच्या दातांमध्ये ठेवतात. बहुतेक निरोगी प्रौढांना हे जमते. माणसागणिक माप वेगळे असल्याने एकाच व्यक्तीच्या मापात काळानुसार झालेली घट अधिक अर्थपूर्ण असते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञही तोंड उघडून पाहतात, कारण ते पुरेसे उघडत नसल्यास श्वासनलिकेत नळी घालणे कठीण होते.

क्षमता कमी होण्याची कारणे

तोंड पुरेसे न उघडण्याच्या अवस्थेस वैद्यकात ट्रिसमस म्हणतात. अक्कलदाढेभोवतीचा जंतुसंसर्ग, दाढेच्या उपचारासाठी दिलेले भुलीचे इंजेक्शन, जबड्याचा अस्थिभंग आणि चर्वणाच्या स्नायूंची आखडण ही त्याची नेहमीची कारणे आहेत. डोके व मान यांच्या कर्करोगावरील किरणोपचारानंतर स्नायू ताठर होऊन ही अवस्था येऊ शकते. बालपणी हनुवटीवर पडून झालेल्या इजेनंतर सांधा हाडाने जखडल्यास जबड्याची वाढही खुंटते. दातखीळ बसणे हे धनुर्वाताचे प्रारंभीचे लक्षण असू शकते. त्यासाठी तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

सुपारी आणि तोंडाच्या अस्तराची तंतुमयता

भारतात तोंड उघडणे कमी होण्याचे एक प्रमुख कारण ओरल सबम्यूकस फायब्रोसिस हा विकार आहे. १९५३ मध्ये मुंबईतील कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. सुपारीतील अरेकोलीन या घटकामुळे अस्तराखाली कोलॅजन तंतू साचतात. प्रथम तिखट पदार्थांनी तोंडाची आग होते, नंतर गालाचे अस्तर पांढुरके व ताठर होते आणि गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. गुटखा, मावा व विदर्भातील खर्रा या सर्वांत सुपारी असते. त्यामुळे तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक ठरत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला आहे. हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो: १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केरळमधील अभ्यासात १७ वर्षांच्या कालावधीत ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. तोंड उघडत नसल्याने आतील व्रण दिसणेही अवघड होते आणि निदान लांबते. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली.

जबडा निखळणे

मोठी जांभई देताना किंवा दातांच्या दीर्घ उपचारात जबड्याचे टोक सांध्यापुढील उंचवट्याच्या पलीकडे जाऊन अडकू शकते. अशा वेळी तोंड उघडेच राहते. प्रशिक्षित डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली व मागे दाबतात आणि तो जागेवर बसवतात.

उपचार

उपचार कारणानुसार ठरतात. स्नायूंच्या दुखण्यात मऊ आहार, शेक, विश्रांती व सौम्य व्यायाम उपयोगी पडतात. ताठरपणा कमी करण्यासाठी लाकडी चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये ठेवून तिच्यात क्रमाने भर घालण्याचा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला जातो. तंतुमयतेत सुपारी पूर्ण बंद करणे ही पहिली पायरी असते. साचलेले तंतू सहसा पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. प्रगत अवस्थेत ते शस्त्रक्रियेने कापावे लागतात आणि त्यानंतरही तोंडाची नियमित तपासणी व व्यायाम चालू ठेवावे लागतात.