नंबर तोच शे!

मोबाइल कंपनी बदलायची म्हणजे आज काय करावं लागतं? एसएमएसमध्ये 'पोर्ट' लिहायचं, एक जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० ला पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरी कोड येतो. तो आणि आधार कार्ड घेऊन दुकानात जायचं. सर्कल तेच असेल तर कामाच्या तीन दिवसांत जुनं सिम मरतं, नवं जिवंत होतं. गेल्या महिन्यात नवा फोन घेतला तेव्हा मी हेच केलं. ज्यांना माझा नंबर माहीत आहे, त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

पण मंडळी, या 'काही कळलंसुद्धा नाही'साठी आपण पंधरा वर्षं थांबलो होतो. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे, आणि तीही जळगाव-धुळ्याकडून. मोबाइलचा इतिहास म्हटलं की मुंबई-दिल्लीपलीकडे कोणी जातच नाही. खरं तर त्यातली खरी गंमत (आणि खरा त्रास) आमच्या खान्देशातच होता.

सुरुवात सर्कलपासून. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर सरकारने देशाचे तुकडे पाडले आणि दर तुकड्याला दोन खासगी कंपन्या दिल्या. मुंबई वेगळी, बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. या आपल्या सर्कलमध्ये आल्या बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. बिर्लांकडे गुजरातही होतं आणि दोन्हीकडची सेवा त्यांनी १९९७ साली सुरू केली.

आता जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. खान्देशाच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. रावेरहून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये आमच्याकडची इतकी माणसं, की तिथे अहिराणी बोलून बाजारहाट करता येतो. आणि नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत! माणसं वर्षानुवर्षं या रेषा ओलांडत होती, कोणाला काही वाटत नव्हतं. मोबाइल आला आणि ती रेषा बिलावर उमटली. आपल्या सर्कलची रेंज गेली की फोन शेजारच्या सर्कलचं नेटवर्क पकडणार, आणि पकडलं की रोमिंग. पुण्यातल्या माणसाला रोमिंग म्हणजे लांबचा प्रवास. आमच्याकडे मुलीच्या सासरी जाऊन आलं तरी रोमिंग.

बरं, तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे. १ मे २००३ पासून 'जो फोन करेल तो पैसे भरेल' हा नियम आला आणि इनकमिंग फुकट झालं. तोपर्यंत मिस्ड कॉल ही एक भाषाच तयार झाली होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर.

२००२ साल मोठं धामधुमीचं. बिर्लांच्या कंपनीचं 'आयडिया' झालं. आदल्याच वर्षी तिने मध्य प्रदेशातला धंदाही विकत घेतला होता, म्हणजे खान्देशाच्या तिन्ही बाजू एकाच कंपनीकडे. त्याच वर्षी एअरटेल आली, ऑक्टोबरात बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. यातून लोकांना एक नवंच ज्ञान प्राप्त झालं. पहिले चार आकडे ऐकले की कंपनी ओळखायची. ९८२२ आयडिया, ९८२३ बीपीएल (तीच पुढे हच आणि २००७ साली व्होडाफोन), ९८९० एअरटेल, ९४२२ बीएसएनएल. आडनावावरून गाव ओळखावं तसं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला हार्डकोडिंग म्हणतो. कंपनीचं नाव नंबरातच कोरलेलं. कंपनी बदलली की नंबर गेलाच.

त्यातही रिलायन्सची तऱ्हा न्यारी. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत फोन हातात मिळायला लागला आणि ज्यांनी मोबाइलचा विचारही केला नव्हता अशा घरांत तो पोचला. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तो सीडीएमए फोन, बहुतेकांत सिमची सोयच नाही. नंबर थेट फोनच्या पोटात. कंपनी सोडायची तर नंबरही सोडा आणि फोनही. शिवाय सुरुवातीचा परवाना होता 'मर्यादित फिरती'चा, म्हणजे एका एसटीडी कोडच्या हद्दीपुरता. जळगावचा कोड ०२५७, भुसावळचा ०२५८२. अंतर पंचवीस किलोमीटर, रोज हजारो लोक अप-डाऊन करतात, आणि कागदावर मात्र जळगावचा फोन भुसावळात परका! नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना आला आणि हा प्रकार एकदाचा संपला.

नंबर अडकून पडणं म्हणजे काय, ते मला मामांमुळे समजलं. त्यांचं धुळ्याला मोटारपंप आणि पाइपांचं दुकान. मोबाइल नंबर दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, दिवाळीच्या कॅलेंडरवर. शेतकरी तो नंबर खडूने विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत लिहून ठेवायचे, कारण मोटार जळते ती नेमकी रात्री पाणी द्यायच्या वेळी. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं, आणि नोकिया ११०० चा टॉर्च ही चैन नव्हती, शेतात जाताना लागणारी वस्तू होती. मामांच्या कंपनीची (नाव राहू द्या) रेंज दुकानात येत नसे. फोन वाजला की मामा गल्ला सोडून ओट्यावर. बिलातले घोळ वेगळेच. "बदला ना मग कंपनी!" असं मी म्हणालो तर म्हणाले, "आणि दोनशे विहिरींवरचे नंबर कोण पुसायला जाणार? तू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीकडे ते होतं, म्हणूनच तिला घाई नव्हती. गिऱ्हाईक जाऊ शकत नाही हे माहीत असलं की तक्रारीचं कागद खाली राहतं. त्यात २००५-०६ च्या सुमारास 'लाइफटाइम' प्रीपेडची टूम निघाली. ९९९ रुपयांच्या आसपास भरा आणि आजन्म इनकमिंग घ्या. म्हणजे आणखी एक खुंटी.

लोकांनी यावर आपापला इलाज काढला, तो म्हणजे दोन सिमचा फोन. जुना नंबर इनकमिंगसाठी, आणि ज्याची स्कीम स्वस्त त्याचं सिम आऊटगोइंगसाठी. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला तेव्हा तर याला ऊत आला. जळगावच्या गोलाणी मार्केटात दोन सिमचे चिनी फोन ढिगाने मिळायचे. त्यातल्या ज्यांना धड आयएमईआय नंबर नव्हता ते नोव्हेंबर २००९ अखेर सरकारने बंद पाडले, पण दोन सिमची सवय गेली नाही. माझ्या मते ही गरिबाची पोर्टेबिलिटीच होती, सरकारच्या आधी आलेली.

सरकारी पोर्टेबिलिटीचं मात्र चालढकल प्रकरण. ट्रायने शिफारस केली मार्च २००६ मध्ये. नियम आले सप्टेंबर २००९ मध्ये. तारखा पुढे पुढे जात शेवटी २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर. शुल्क १९ रुपये.

आतली करामत सोपी आहे. आधी फोन एक्स्चेंज नंबराचे सुरुवातीचे आकडे बघून कॉल त्या कंपनीकडे ढकलायचं. आता आधी एका यादीत बघतात, की हा नंबर सध्या कोणाकडे नांदतो? मग कॉल तिकडे. देशाचे दोन झोन, प्रत्येक झोनला ही यादी राखणारी एक त्रयस्थ कंपनी. प्रोग्रामिंगच्या भाषेत, पत्ता जाऊन पॉइंटर आला. नंबर कंपनीचा राहिला नाही, वापरणाऱ्याचा झाला. (कायद्याच्या कागदावर तो आजही सरकारचाच, पण तो तपशील सोडा.)

मामांनी त्याच वर्षी कंपनी बदलली. फोन करून एवढंच म्हणाले, "नंबर तोच शे!" अहिराणीत शे म्हणजे आहे. दोनशे विहिरींपैकी एकीवरही खडू फिरवावा लागला नाही.

गोष्ट इथे संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण २०११ साली आपल्या सर्कलमध्ये आयडिया, व्होडाफोन, एअरटेल, बीएसएनएल, रिलायन्स, टाटा, एअरसेल, युनिनॉर असे आठ तरी पर्याय होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि दरयुद्धात एकेक विकेट पडत गेली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या शेवटी मोबाइलवरचं बोलणं बंद केलं. एअरसेलने जानेवारी २०१८ मध्ये जी सहा सर्कलं गुंडाळली त्यांत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश तिन्ही होती. युनिनॉर (तोवर टेलिनॉर) आणि टाटांचे ग्राहक एअरटेलमध्ये गेले. आणि ३१ ऑगस्ट २०१८ ला आयडिया-व्होडाफोन एक झाल्या. म्हणजे १९९७ चे दोन मूळ स्पर्धक एकाच छपराखाली! २०११ मध्ये वैतागून ९८२२ वरून व्होडाफोनला गेलेला माणूस सात वर्षांनी बसल्याजागी माहेरी परत.

आणि लाइफटाइम? ते कोणाचं लाइफ होतं, हे बंद पडलेल्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना समजलं. पण बघा, पोर्टिंगची सोय नसती तर त्या कोट्यवधी लोकांचे नंबर कंपनीबरोबरच सती गेले असते. हा हक्क सर्वांत जास्त कामी आला तो कंपनी सोडायला नव्हे, बुडत्या कंपनीतून बाहेर पडायला.

आज नंबराचं वजन पाटीपुरतं राहिलेलं नाही. बँक, आधार, गॅस, पीक विमा, सगळ्याचा ओटीपी त्याच्यावर. रिचार्ज थकून नंबर बंद पडला तर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्याला मिळू शकतो. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे कोणी सांगत नाही. नंबर आता खरोखर आपला झाला आहे, पण तो घेऊन जायला उरल्या आहेत तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. आणि दर वाढतात ते बहुतेक सगळ्यांचे एकदमच.

दिवाळीला गावी जाल तेव्हा आई-वडिलांच्या सिमची व्हॅलिडिटी तेवढी बघून या.